आंघोळीला पहिला कोण?

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. मुलगा लहान असताना विचारायचा, "बाबा, व्हाय डिड बंब अंकल गो?" तेव्हा मी त्याला अभ्यासाला बसवायचो. बहरीनमधली जुनी माणसं इकडे कुणाच्या लग्नात भेटली आणि त्यांचा विषय निघाला, की मी पाणी प्यायला उठायचो. मध्यंतरी कोल्हापूरहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. "काका गेले," म्हणाला. बहरीनच्या मराठी घरांत त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे माहीत असलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे. म्हणून लिहायला बसलो.

त्यांना सगळे बंबवाले म्हणत. राजधानी मनामात, बाब अल बहरीन वेशीच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. नळ, बेसिन, पाइप आणि मुख्य म्हणजे पाणी तापवायचे बॉयलर. दुकानातून बॉयलर घेतला की तो बसवायला माणूसही दुकानच पाठवायचं. ती बसवणारी माणसं म्हणजे आम्ही दोघं. गिऱ्हाइकांपैकी इंग्रज त्याला हीटर म्हणत, मुंबईकर गीझर म्हणत. हे मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बंबच म्हणाले. एकदा एका इंग्रज बाईच्या दारात खोकं घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, आय ब्रिंग युवर बंब." बाईंनी पोर उचललं आणि मागच्या दाराने शेजारी धूम ठोकली. पण तास-दोन तासांनी त्याच बाई त्यांना केक खायला घालत होत्या. हेच मला कधी जमलं नाही.

मी रत्नागिरीकडचा. आयटीआय करून, मुंबईत दोन-तीन ठिकाणी हात काळे करून सत्तरच्या दशकात बहरीनला आलो. सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं होतं. पहिल्याच आठवड्यात ते दुकानाच्या भिंतीवर लावलं. बंबवाल्यांनी ते जवळ जाऊन, चष्मा वर करून वाचलं, मागे फिरले आणि म्हणाले, "झकास! आजपासून तुमी सर्टिफिकेटराव." ते नाव मला चिकटलं ते कायमचं.

तुमचं सर्टिफिकेट कुठे, असं मी विचारलं. "लोकांच्या पाठीवर हाय की. आंघूळ करताना बघायचं!"

त्याच आठवड्यात मी बाजारात दाढीचं ब्लेड आणायला गेलो होतो. ज्या दुकानात विचारावं तिथला अरब दुकानदार हात हलवून म्हणायचा, "मफी, मफी." मी परत येऊन बंबवाल्यांना सांगितलं, "इथली माणसं काय नम्र हो! ब्लेड नाही म्हणून प्रत्येकजण माफी मागतोय." ते खोक्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अवो सर्टिफिकेटराव, मफी म्हंजी न्हाई! त्यो तुमाला हाकलतोय आन् तुमी त्येला माफ करताय!" पुढे कितीतरी दिवस त्यांनी हा किस्सा घरोघरी सांगितला. लिहिताना एका कान्याचा फरक. कानाला तोही कळत नाही.

दिसायला ते अगदी साधे होते, पण नखरा नवाबाचा. कामावर पांढराशुभ्र, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि संध्याकाळी तसाच घेऊन जायचे. माझ्या खाकी शर्टावर दुपारपर्यंत गंज, ग्रीस, सिमेंट सगळं हजर. मला वाटायचं, हा माणूस काम करतच नसावा.

घरात शिरले की ते बाथरूम बघायचे नाहीत. आधी गच्चीवर जायचे, टाकीचं झाकण उघडून कोपरापर्यंत हात घालायचे. मग खाली येऊन घरातल्या बाईला विचारायचे, "आंघुळीला पयला कोण?"

त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. कोण पहिला, कोण शेवटचा, कुणाचे गुडघे दुखतात, कोण आत जाऊन गाणं म्हणतं. मग बंब केवढा हवा ते सांगायचे. गिऱ्हाईक मोठा मागायला लागलं की भांडायचे. एका हिशोबनीस साहेबांना त्यांनी ठासून सांगितलं, "तीन माणसं, मोठा बंब कशाला?" पुढे थंडीत साहेबांचे सासू-सासरे, मेहुणा आणि मेहुण्याची बायको येऊन राहिली आणि महिनाभर सगळे कुडकुडले. साहेब तक्रार घेऊन आले तर हे म्हणतात, "पावण्यांनी किती दीस ऱ्हायाचं, ते बंबानंच ठरिवलं बघा." चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. साहेब चिडायचे सोडून हसत गेले आणि जाताना मोठा बॉयलर विकत घेऊन गेले. बसवायला कोण? तर हेच.

बसवण्याआधी ते रिकाम्या टाकीला तोंड लावून एक लांब सूर काढायचे आणि कान देऊन ऐकायचे. "बेसूर हाय. दुसरा आना," असं म्हणून दोन-चारदा त्यांनी बॉयलर परतही पाठवला होता. हे थोतांड होतं असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही आहे. मेल्या माणसाबद्दल लिहितोय म्हणून ते बदलणार नाही. पण लोकांना ते आवडायचं. अरबांची पोरं तर गोळा होऊन बघायची.

एका गोष्टीत मात्र ते थट्टा करायचे नाहीत. बॉयलरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आतला दाब वाढला की त्यातून थेंब थेंब पाणी गळतं. लोकांना ती कटकट वाटते, मग कुणीतरी चिंधी कोंबतं, कुणी लाकडाची खुंटी ठोकतं. त्या व्हॉल्व्हला ते सून म्हणायचे. "वैनी, सून कुरकुरतीया म्हनून तिचं तोंड बांधू नगा. ती कुरकुरतीया म्हनून घर ऱ्हातंय." बायका खूश व्हायच्या, सासवासुद्धा हसायच्या. तो व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने उघडून दाखवायचे, आणि मग सगळ्यात शेवटी घरातलं जे वयाने मोठं माणूस असेल, त्याला पहिली आंघोळ करायला लावायचे. ते माणूस न्हाऊन बाहेर येईपर्यंत हे हॉलमध्ये बसून राहायचे. तोवर चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

उन्हाळ्यात त्यांचा वेगळाच थाट. बहरीनच्या उन्हाने गच्चीवरची टाकी एवढी तापते की थंड पाण्याच्या नळाला हात लावता येत नाही. मग तिथे सगळे उलटं करतात. बॉयलरचं बटण बंद ठेवतात. टाकीचं पाणी त्यात पडून राहतं, घरातल्या गारव्याने निवतं आणि लाल खुणेच्या नळातून आंघोळीजोगं गार पाणी येतं. मे महिना लागला की हे घरोघरी जायचे, बटण बंद करायचे आणि लाल नळाला एक पांढरी चिंधी बांधायचे. "आता ह्यो बंब न्हाई, माठ." चिंधी कुणालाही बांधता आली असती. पण मराठी घरांतल्या बायका त्यांची वाट बघायच्या. चिंधी बांधल्याशिवाय उन्हाळा सुरू झाला असं कुणाला वाटायचंच नाही.

आणि मी? मी कारखान्याच्या पुस्तकाप्रमाणे, इंच-इंच मोजून काम करायचो. कुणी नाव ठेवेल असं काही माझ्या हातून होत नसे. तरी फोन आला की अरबाब, म्हणजे आमचे अरब मालक, रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे बघायचे आणि हताश होऊन म्हणायचे, "ये लोग बोलता, उसको बेजो. सफेद कमीज." मी फ्रेमखाली उभा असायचो.

एकदा मी त्यांची नक्कल करून पाहिली. ईसा टाउनमध्ये शाळेजवळ एका पुण्याच्या कुटुंबाकडे गेलो होतो. आधी गच्चीवर गेलो. खाली आलो. घरातल्या आजींना हसून विचारलं, "आंघोळीला पहिला कोण?"

आजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला काय करायच्यात हो नसत्या चौकशा?"

त्या दिवशी मी पान्याने नट इतका आवळला की त्याचे आटे गेले.

पण सगळ्यात खोल घाव घरातच बसला. बायको-मुलाचा फॅमिली व्हिसा झाला, मी गुदैबियात फ्लॅट घेतला. नवं घर, नवा बॉयलर. बायकोने पोहे ढवळता ढवळता सहज म्हटलं, "बंबवाल्या भावोजींना बोलवा ना बसवायला. सगळ्यांकडे त्यांनीच बसवलाय."

"मी काय करतो हे तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे हो. पण ते बसवतात तेव्हा कसं वास्तुशांत केल्यासारखं वाटतं."

बोलावलं त्यांना. ते शुक्रवारी आले, पांढऱ्या शर्टात, मुलासाठी खजूर घेऊन. गच्चीवर गेले, हात घातला, खाली आले. बायको दारात उभीच होती, उत्तर तयार ठेवून. ते मात्र तिला काही न विचारता बाथरूममधल्या स्टुलावर बसले आणि पान्यांची पिशवी मांडीवर घेतली.

"वैनी, शिंप्याच्या घरी दुसऱ्या शिंप्यानं सदरा शिवायचा नसतोय. मिस्त्री घरात हाय. मी नुसतं हत्यार देनार."

आणि खरोखर त्यांनी तेवढंच केलं. मी मागेन तो पाना हातात. मागायच्या आधीच हातात. मध्येच बायकोला सांगायचे, "बघा वैनी, ही लेवल बघा. एवढी आमच्या हातानं येत न्हाई. आमी डोळ्यानं बसवतो, ह्ये पट्टीनं." तिला वाटलं ते माझं कौतुक करताहेत. आज मलाही तसंच वाटतं. त्या दिवशी मात्र मला वाटलं, हा माणूस माझ्याच घरात, माझ्याच बायकोसमोर मोठेपणा मिरवतोय. तो पांढरा शर्ट, ते स्टूल, आणि माझ्या मुलाचं त्यांच्या गुडघ्याला चिकटून उभं राहणं. बॉयलर मी बसवला आणि घर त्यांचं झालं, असं वाटलं.

बायकोने त्यांना विचारलं, "मग आधी आंघोळ कुणी करायची?"

"मिस्त्रीनं. ज्येनं बसवला त्येनं."

मी म्हटलं, "मला नको. माझी सकाळी झालीय." त्यांनी पाने पिशवीत भरले. मग मुलाला म्हणाले, "चला धाकलं मालक, तुमी." त्या दिवशी ते चहा न पिताच गेले.

ऐंशीच्या दशकात ईसा टाउनकडे नवी घरं भराभर उठत होती. एका बिल्डरने रांगेने घरं बांधली होती आणि त्या सगळ्या घरांत बॉयलर बसवायचे होते. बसवणारा निवडायला त्यांचा इंजिनिअर आमच्या दुकानात आला. तरुण अरब, परदेशात शिकून आलेला. त्याची अट एकच होती, माणूस पात्र हवा, शिकलेला हवा. दुपारी दुकान बंद करायची वेळ. अरबाब जेवायला घरी गेले होते. बंबवाले माळ्यावर होते, खोकी सरकवत.

बंबवाल्यांच्या कागदाचा प्रश्न याआधीही कितीदा निघाला होता. दुकानाची एक रीत होती. असं कुणी विचारलं की आम्ही म्हणायचं, "अरबाबना विचारा." मग अरबाब गिऱ्हाइकाला आत बसवायचे, कावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजायचे आणि स्वतःच्या छातीवर हात मारून म्हणायचे, "अना शहादा." म्हणजे, याचं सर्टिफिकेट मी. एवढ्यावर भागायचं. मालकाचा शब्द तिथे कागदापेक्षा जड होता.

इंजिनिअरने माझी फ्रेम वाचली, मान हलवली. मग माळ्याच्या शिडीकडे बोट केलं. "व हादा नफर? शहादा फी?" या माणसाचं काय, याच्याकडे सर्टिफिकेट आहे?

अरबाब तासाभरात आले असते. "अरबाबना विचारा," एवढंच म्हणायचं होतं. ते मी याआधी कितीदा म्हटलं होतं.

मी दोन्ही हात पुढे करून पालथे-उताणे केले. तिथे करतात तसे. आणि म्हणालो, "मफी."

माळ्यावर खोकी सरकत होती, तो आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. त्यांनी ऐकलं की नाही, मला कधीच कळलं नाही.

शब्द खोटा नव्हता. हीच माझी पळवाट होती, बरीच वर्षं. नव्हतंच त्यांच्याकडे सर्टिफिकेट. पण ते विचारणाऱ्याला "काम येतं का" एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्या प्रश्नाला मी नाही म्हटलं होतं. तेही हात रिकामे करून दाखवत.

इंजिनिअरने अरबाबना निरोप ठेवला. काम तुमच्या दुकानाला, पण कागद नसलेला माणूस माझ्या साइटवर नको. अरबाबनी छातीवर हात मारून पाहिला. इंजिनिअर कावा प्यायला आणि ऐकलं नाही. तुमचाच माणूस हात हलवून सांगतो, म्हणाला. अरबाबनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यानंतर मला त्यांनी बढती दिली आणि माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागले. दुसऱ्या बिल्डरांनीही कागद मागायला सुरुवात केली. बंबवाले गोदामात गेले. पांढरा शर्ट तिथेही तसाच. पण गोदामात कुणाला विचारणार, आंघोळीला पहिला कोण म्हणून? व्हिसा संपत आला तेव्हा अरबाबनी तो पुढे वाढवला नाही.

जायच्या आधी ते आमच्या घरी आले. तेव्हा थंडी होती. सरळ बाथरूममध्ये गेले, खिशातून चिंधी काढली आणि लाल नळाला बांधली.

बायको म्हणाली, "अहो भावोजी, आत्ता? जानेवारीत?"

"उन्हाळ्यात मी नसनार वैनी. आत्ताच बांधून जातो. बटन तेवढं तुमी मे महिन्यात बंद करा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर्टिफिकेटराव, आता समदी घरं तुमची. म्हातारं मानूस असंल तितं आदी इचारा. आन् सुनेचं तोंड बांधू नगा." हसले आणि गेले. चिंधी बायकोने पुढे कितीतरी वर्षं सोडली नाही. रोज सकाळी मी त्या चिंधीकडे बघत दात घासायचो.

त्यानंतर अफवा उठली. बंबवाल्यांचं सर्टिफिकेट खोटं निघालं, म्हणून त्यांना परत पाठवलं. कुणी उठवली माहीत नाही, मी नाही. एकाच्या फ्लॅटवर गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना त्याच हिशोबनीस साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही तर एकाच दुकानात. खरं का हो हे, बनावट सर्टिफिकेट वगैरे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बायकोसुद्धा. ज्याच्याकडे कागदच नव्हता तो बनावट कागद कुठला दाखवणार? एवढं एक वाक्य. मी मोदक मोडला आणि म्हणालो, "जाऊ द्या ना. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं?"

त्या एका वाक्याने अफवेवर शिक्का बसला. घराघरांत जे खरं म्हणून राहिलं ते माझ्या या चांगुलपणामुळे. तर आता लिहून ठेवतो. त्या माणसाने आयुष्यात कधी सर्टिफिकेट दाखवलं नाही, कधी आहे म्हणून सांगितलं नाही. खोटं बोलला असेल तर टाकीच्या सुराबद्दल, दुसऱ्या कशाबद्दल नाही.

आणि जे मला हवं होतं तेही मिळालं नाही. सगळी घरं माझी झाली, तरी फोनवर बायका विचारायच्या, "ते बंबवाले परत येणार आहेत का हो?" नसलेल्या माणसाचा हेवा करणं फार थकवणारं असतं. समोर असता तर निदान भांडता आलं असतं.

निवृत्त होऊन परत आल्यावर एकदा मी कोल्हापूरला गेलो. पुतण्याकडून पत्ता मिळवला होता. गावाबाहेर लहानसं कौलारू घर, पुतण्याच्या कुटुंबासोबत. त्यांना ऐकायला कमी येत होतं, पण मला लगेच ओळखलं. "सर्टिफिकेटराव! या, या!" अंगात पांढराच शर्ट, इस्त्रीचा. रात्री गप्पा झाल्या. त्यांनी ब्लेडचा किस्सा पुतण्याच्या पोरांना सांगितला आणि पुन्हा तितकेच हसले. मी सकाळी बोलायचं ठरवलं.

सकाळी अंगणात तांब्याचा बंब पेटलेला. पुतण्याची बायको म्हणाली, "मामांजी, आधी तुम्ही करून घ्या."

"आज आंघुळीला पयला पावना," ते म्हणाले. "त्येची एक आंघूळ माझ्याकडं ऱ्हायल्याली हाय."

त्यांच्या लक्षात होतं. आमच्या गुदैबियाच्या घरी मी नाकारलेली आंघोळ त्यांच्या लक्षात होती. मग माळ्यावरून ऐकू आलेलं, तेही असणार? मी बंबाच्या तोटीतून कढत पाणी बादलीत घेतलं, न्हाणीघरात गेलो, कडी लावली. वर थंड विसण घातलं. दाराच्या फटीतून ते दिसत होते, बंबात चिपाडं सारत बसलेले. तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच असेल, मला वाटलं इथूनच जमेल. सगळं वाक्य मनात जुळवलं. त्या दिवशी दुकानात, इंजिनिअर आला होता तेव्हा, मी.

"पानी हाय न्हवं आजून?" त्यांनी बाहेरून हाक दिली.

मी दाराला हात टेकला. सगळ्या वाक्यातला एकच शब्द बाहेर आला. "माफी."

बाहेर चिपाड मोडल्याचा आवाज आला. मग ते खो खो हसले, त्या खोक्यावर बसून हसले होते तसे. "मफी? अवो, मग आदी सांगायचं न्हाई व्हय!" उठताना गुडघे धरून कण्हले. हंडा उचलल्याचा आवाज आला आणि बंबात धो धो पाणी पडायला लागलं.

माझ्यासमोरची बादली काठोकाठ भरलेली होती.